कोठार भरलेलं होतं, हिशेब कुणाकडे होता?

(हैदराबादेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या रविवारच्या अभ्यास वर्गात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



दोन महिन्यांपूर्वी आपल्यातल्याच एका पोरानं मला मोबाइलवर एक पोस्ट पाठवली. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, वर ढग, आणि खाली लिहिलेलं: इंका साम्राज्यात पैसा नव्हता, बाजार नव्हता, तरी एकही माणूस उपाशी झोपत नव्हता. त्याखाली त्याचा प्रश्न होता, ‘ताई, हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आपल्याकडे का जमलं नाही?’ मी त्याला ‘नीट वाचून सांगते’ म्हणाले. आज ते सांगायला उभी आहे. तो पोरगा मागच्या रांगेत बसलाय, नाव घेत नाही.

आधीच सांगते, मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि आता पीएच.डी. चालू आहे ती रोजगार योजनेच्या हजेरीपटांवर. कामावर किती दिवस भरले, कागदावर किती चढले आणि मधले दिवस कुठे गेले, एवढाच माझा विषय. इंकांपर्यंत मी त्या हजेरीपटाच्या वाटेनंच पोचले. ती वाट कोणती, ते पुढे येईल.

इंका आणि अझ्टेक ही नावं आपण एका दमात घेतो, जणू शेजारी राहत होते. मधे हजारो किलोमीटरचं अंतर. एकमेकांची खबर असल्याचा काही पुरावा नाही. अझ्टेक म्हणजे आजच्या मेक्सिकोतले. ते स्वतःला मेशिका म्हणत. इंका म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले; त्यांच्या राज्याचं नाव तवांतिनसुयू, म्हणजे एकत्र जोडलेले चार भाग. राजधानी कुस्को. दोन्ही राज्यं पंधराव्या शतकात वाढली आणि दोन्ही स्पॅनिश लोकांनी मोडली, एक १५२१ मध्ये आणि दुसरं १५३२ नंतर. म्हणजे जेमतेम शंभर वर्षांची कहाणी. आपण शाळेत ‘प्राचीन संस्कृती’ म्हणून वाचलं, पण हे लोक आपल्या बहामनी काळातले आहेत.

आता इंकांकडे. त्यांची मुख्य गोष्ट कळली की बाकीचं आपोआप उलगडतं: राज्य धान्य मागत नव्हतं, हात मागत होतं.

अँडीजमध्ये गावाचा पाया म्हणजे आयल्यू. नात्यागोत्याच्या माणसांचा गट, जमीन गटाची, घराला गरजेप्रमाणे वाटून दिलेली. एकमेकांच्या शेतात कामाला जायचं, आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. याला ते आयनी म्हणत. आपल्यातल्या खेड्यातल्या मुलांना सावड आणि इर्जिक हे शब्द माहीत असतील. इर्जिकीला येणाऱ्यांना घरधनी जेवू घालतो, तसंच तिथंही. ज्याचं शेत, त्यानं खायला-प्यायला द्यायचं. ही रीत इंकांच्या आधीपासूनची.

इंकांनी काय केलं? ही इर्जिक राजाच्या शेतावर नेली. जिंकलेल्या मुलखातली जमीन तीन हिश्शांत धरली जाई: एक राजाचा, एक देवाचा, एक गावाचा. गावानं आपलं शेत कसायचं, त्यातलं पीक गावाचंच. त्यातून कर म्हणून एक कणीस जात नसे. पण राजाचं आणि देवाचं शेतही त्याच गावानं कसायचं आणि त्याचं पीक सरकारी कोठारात भरायचं. शिवाय पाळीनं रस्ते, पूल, खाणी, लष्कर. या पाळीला मिता म्हणत, शब्दाचा अर्थच पाळी. कामावर असताना बियाणं राज्याचं, जेवण राज्याचं, आणि मक्याची आंबवलेली दारू, चिचा, तीही राज्याची. बायकांना लोकर दिली जाई, त्यांनी कापड विणून द्यायचं. हे कापड त्या राज्यात सोन्याहून मोलाचं होतं. सैनिकाला, सरदाराला, जिंकलेल्या मुखियाला बक्षीस म्हणून कापडच मिळे.

हे सगळं चालवायचं तर माणसं मोजावी लागतात. करपात्र म्हणजे लग्न झालेला घरकर्ता पुरुष. त्यांचे दहाचे गट, शंभराचे, हजाराचे, दहा हजारांचे, आणि प्रत्येकावर एक मुखिया. वरच्या मुखियांना कुराका म्हणत, त्यातले बरेच जुनेच स्थानिक सरदार होते. कुस्कोशी इमान राखलं की गादी शाबूत. साम्राज्यात एक कोटीच्या आसपास माणसं असावीत असा साधारण अंदाज आहे. आणि लिपी नव्हती.

लिपी नव्हती म्हणून हिशेब नव्हता असं समजू नका. हिशेब दोरीवर होता. खिपू म्हणजे एक आडवी जाड दोरी, तिला लटकणाऱ्या अनेक बारीक दोऱ्या, रंगीत, आणि प्रत्येकीवर गाठी. दोरीच्या तळाशी एकक, वर दशक, त्याच्यावर शतक. शून्य म्हणजे रिकामी जागा. हे सांभाळणारा खास माणूस असे, खिपूकामायूक. कोणत्या गावात किती घरं, कोणी पाळी भरली, कोठारात किती मका, सगळं गाठीत. आज जगभरच्या संग्रहालयांत सुमारे हजार खिपू उरलेत. आकड्यांची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेलँड लॉक यानं उलगडली.

इथं माझी वाट येते. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडायला जायची. तुमच्याही कुणाकुणाच्या आज्या गेल्या असतील. मुलांना सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो यायचा. आजीला अक्षर ओळखीचं नव्हतं. मुकादम हजेरी लावायचा आणि आठवड्याच्या शेवटी सांगायचा तेवढे दिवस भरले, असं मानायचं. एकदा त्यानं दोन दिवस कमी धरले. त्यानंतर आजीनं कमरेला एक सुतळी बांधली आणि रोज काम सुटलं की एक गाठ मारायची. पुढच्या पगाराला तिनं ती सुतळी त्याच्यासमोर धरली. तो हसला म्हणे. बाकीच्या बायकाही हसल्या. कागद त्याच्याकडे होता. ती सुतळी आजीनं मरेपर्यंत पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, आणि मी एम.ए.ला असताना खिपूचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा ती पेटी आठवली, इंका नंतर.

पुन्हा कोठारांकडे येते. ही कोठारं, कोल्का, डोंगराच्या उतारावर ओळीनं बांधलेली असत, थंड वारा खेळेल अशी. पेरूतल्या वानुको पाम्पा या एका प्रशासकीय नगरात जवळजवळ पाचशे कोठारं मोजली गेलीत. क्रेग मॉरिस यांनी तिथं उत्खनन केलं. गोल कोठारांत मका आणि चौकोनी कोठारांत बटाट्यासारखी कंदमुळं, अशी विभागणी त्यांना दिसली. हाउहा भागात मोजणी हजारांच्या वर जाते. बोलिव्हियातल्या कोचाबाम्बा खोऱ्यात वायना कापाक या राजानं चौदा हजार माणसं मका पिकवायला आणली, काही कायमची, काही पाळीची. तो मका मुख्यतः लष्करासाठी होता. तिथं कोतापाची या एका ठिकाणी दोन हजार चारशे कोठारं होती.

आणि टिकवायची कला बघा. चार हजार मीटर उंचीवर रात्री कडाक्याचं हिव, दिवसा कोरडं ऊन. बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे, गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, वाळवायचे. काही दिवसांत दगडासारखा हलका चुन्यो तयार. तो वर्षानुवर्षं टिकतो. मांसही असंच वाळवत, त्याला चार्की म्हणत. इंग्रजीतला जर्की हा शब्द तिथून आला. डोंगराला पायऱ्या घालून माती अडवली, पाट काढले, किनाऱ्यावरच्या बेटांवरून पक्ष्यांच्या विष्ठेचं खत आणलं. शिवाय एकच समाज उंचीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत आपली माणसं ठेवायचा: खाली कोका आणि मिरची, मधे मका, वर बटाटा, त्याहून वर लामा-अल्पाका. खालच्या पट्ट्यातलं पीक बुडालं तरी वरचा तग धरायचा. हे सगळं पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतकऱ्यांचं ज्ञान आहे. राजानं ते शोधलं नाही, मोठ्या प्रमाणावर वापरलं.

तर मग पोस्ट खरी का? लुई बोदँ नावाच्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञानं १९२८ मध्ये पुस्तकच लिहिलं, इंकांचं समाजवादी साम्राज्य या नावाचं. त्याला स्वतःला समाजवाद आवडत नव्हता, तो भाग वेगळा. या कल्पनेचं मूळ फार मागे आहे. गार्सिलासो दे ला वेगा, आई इंका राजघराण्यातली, बाप स्पॅनिश. त्यानं स्पेनमध्ये बसून १६०९ मध्ये इंकांचा इतिहास छापला. त्यात राजे प्रजेची आईबापाच्या मायेनं काळजी घेतात. आईच्या कुळाची बदनामी चालली असताना तो लिहीत होता, म्हणून त्याचं मन मला कळतं. पण पुरावा म्हणून ते जपून घ्यावं लागतं.

जॉन मुर्रा यांनी शिकागो विद्यापीठात १९५६ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात या चित्राची शिवण उसवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कोठारं भरली जात ती आधी लष्करासाठी, दरबारासाठी, पुरोहितांसाठी आणि पाळीवर आलेल्या मजुरांसाठी. दुष्काळात उघडली जात, नाही असं नाही, पण ती त्यासाठी बांधलेली नव्हती. विधवा, म्हातारे, अपंग यांना सांभाळत होता तो आयल्यू, म्हणजे शेजारीपाजारी. राज्यानं त्या शेजारधर्माची भाषा उचलली. ‘मी तुला जेवू घालतो, तू माझ्या शेतात ये’ हे वाक्य दोन भावांमध्ये वेगळं असतं आणि राजा-प्रजेत वेगळं. दुसऱ्यात ‘येत नाही’ म्हणायची सोय नसते.

नाही म्हटलं तर काय? गावंच्या गावं उचलून शेकडो मैल दूर वसवली जात, त्यांना मितमाक म्हणत. बंडखोर मुलखात इमानी लोक आणायचे, बंडखोरांना इमानी मुलखात न्यायचं. आयल्यूतून कायमचे तोडून सरदारांच्या चाकरीला लावलेले याना होते. आणि मुली. गावागावांतून दहाएक वर्षांच्या मुली निवडून नेत, त्यांना अक्लाकुना म्हणत. भिंतीआड राहायचं, उंची कापड विणायचं, चिचा गाळायची. पुढे राजा त्यातल्या काहींना सरदारांना बक्षीस म्हणून देई. वानुको पाम्पात अशा आवाराचे अवशेष सापडलेत: पन्नासेक इमारती, सूत कातायच्या चकत्या, दारूचे रांजण, आणि येण्याजाण्याला एकच दार. मिताच्या मजुराला जी चिचा मिळे, ती या पोरींच्या हातची होती. ‘उदार राज्य’ म्हणताना हे आवार नजरेआड होता कामा नये.

कुस्कोतली आणखी एक रीत ऐका. राजा मेला की त्याची जमीन नव्या राजाला मिळत नसे. मेलेल्याच्या ममीकडे राहायची, आणि ममीच्या नावानं त्याचे वंशज खायचे. नव्या राजाला नवी जमीन मिळवावी लागे. मेलेले राजे सणावाराला चौकात आणून बसवत, त्यांच्यापुढे ताट वाढत. शेतात राबणाऱ्यांवर जिवंत आणि मेलेले अशा दोघांचा भार होता.

मला नेहमी विचारतात, ‘तिथं जात होती का?’ माझं उत्तर असं. जन्मावरून उच्चनीच होतं, कडक होतं. कानात मोठ्या तबकड्या घालायचा हक्क इंका कुळाचा, म्हणून स्पॅनिश त्यांना मोठ्या कानांचे म्हणत. कुस्कोच्या आसपासच्या काही जमातींना ‘मानाचे इंका’ असा दर्जा दिलेला होता, रक्तानं इंका नसताना. वरून एक पायरी दिली की खालच्याला आपल्याहून खालचा दिसतो आणि तो वर बघायचं सोडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तितिकाका सरोवरावरचे उरू लोक मासेमारी करत. शेजारचे आयमारा त्यांना हलके समजत. पण शिवाशिवीचं शास्त्र, प्रत्येक जातीला तिचं काम आणि ते सोडलं तर पाप, आणि हे सगळं देवाच्या तोंडून, असं एकत्र बांधलेलं यंत्र मला तिथं दिसत नाही. मिता पाळीनं सगळ्या घरांवर यायची. आपल्याकडची वतनाची वेठ ठरावीक घरांवरच जन्मानं यायची, आणि १८७४ च्या कायद्यानं इंग्रजांनी ती कागदावर पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते त्यासाठीच. दोन्ही जुलूम आहेत. पण ‘सगळीकडे असंच असतं’ म्हणून आपल्यावरचा जुलूम धुऊन काढणारेही भेटतात, त्यांच्यासाठी हा फरक लक्षात ठेवा.

आता मेक्सिको. इथं चित्रच वेगळं. इथं बाजार आहे, आणि केवढा!

१४२८ मध्ये तेनोचतित्लान, तेश्कोको आणि त्लाकोपान या तीन नगरांनी युती केली, आणि आपण जे अझ्टेक साम्राज्य म्हणतो ते म्हणजे ही युती. तेनोचतित्लान सरोवरातल्या बेटावर, दीडदोन लाखांची वस्ती असावी. शेजारच्या त्लातेलोल्कोचा बाजार पाहून कोर्तेसनं राजाला कळवलं की इथं रोज साठ हजार माणसं खरेदी-विक्री करतात. आकडा फुगवलेला असेल, पण थक्क तो खरोखर झाला होता. सुटे पैसे म्हणजे कोकोच्या बिया, मोठी रक्कम म्हणजे सुती वस्त्रं. वजनमापात लबाडी केली तर बाजारातच न्यायाधीश बसलेले. बर्नाल दियास हा कोर्तेसचा सैनिक म्हातारपणी लिहितो की बाजाराजवळच्या कालव्यांत मानवी मैल्यानं भरलेल्या नावा विकायला उभ्या असत, कातडी कमावायला वगैरे. आणि रस्त्याकडेला बोरूचे आडोसे होते, जिथं लोक शौचाला बसत. त्याला हे सांगताना लाज वाटते, वाचक हसतील म्हणून. मी ते पान दोनदा वाचलं. ज्या शहरात मैल्याला बाजारभाव होता, त्या शहराबद्दल मला आणखी वाचावंसं वाटतं.

या शहराला पोसत होत्या चिनाम्पा. उथळ सरोवरात चर काढायचे, तळाचा गाळ आणि पाणवनस्पती थरावर थर रचून लांबट वाफे उभे करायचे, कडेला एक प्रकारचे वाळुंजासारखे वृक्ष लावून माती धरायची. पाणी बाजूलाच, खत चराच्या तळाशी. वर्षातून अनेक पिकं. सोचिमिल्को आणि चाल्कोच्या सरोवरांत असे हजारो हेक्टर होते. सोचिमिल्कोत काही आजही कसले जातात. सरोवराचा एक भाग खारा, तो गोड्यात मिसळू नये म्हणून तेश्कोकोचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या देखरेखीखाली मैलोगणती लांब बांध घातला. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायची त्यांची रीत होती, त्यानं मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपनं मका नेला, ती रीत नेली नाही, आणि गरिबांना पेलाग्रा झाला.

एक गंमत मध्येच सांगते. आपल्याकडे एकादशीला काय चालतं? बटाटा, रताळं, शेंगदाणा, राजगिरा, मिरची, साबुदाणा. साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओकाही तिकडचाच. ही सगळी अमेरिका खंडातली पिकं, समुद्र ओलांडून आलेली, ज्यांचं नाव कुठल्या जुन्या पोथीत असणं शक्य नाही. राजगिऱ्याच्या लाह्या मधात घालून अझ्टेक देवाची मूर्ती करत आणि तिचे तुकडे प्रसाद म्हणून खात. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याची चिक्की विकतात. सोवळ्याचं ताट आणि ‘म्लेंच्छां’ची पिकं; पुढच्या वेळी कुणी खाण्यावरून शुद्धतेचं सांगायला लागलं तर ही यादी हाताशी असू द्या.

पण अझ्टेकांचं राज्य चालत होतं ते खंडणीवर. १५४० च्या सुमारास स्पॅनिशांसाठी तयार झालेल्या मेंडोसा चित्रपोथीत जिंकलेल्या प्रांतांची यादी आहे, अडतीस प्रांत, आणि कुणी काय द्यायचं त्याची चित्रं. जवळच्यांनी मका, घेवडा, राजगिरा. दूरच्यांनी कापूस, कोको, पिसं, हिरवे मणी, जग्वारचं कातडं. सुती वस्त्रं तर वर्षाला लाखाहून जास्त भरतात. दूरून धान्य का नाही? कारण ओझ्याची जनावरं नव्हती. त्लामेमे म्हणजे पाठीवर, कपाळाच्या पट्ट्याला पेलून, तेवीसेक किलो ओझं नेणारा माणूस. जितकं लांब जाईल तितकं धान्य तोच खाऊन संपवेल. म्हणून हलकं आणि महाग तेवढंच लांबून आणायचं. विणणाऱ्या बायका पोथीच्या त्या पानांवर नाहीत, फक्त वस्त्रांच्या थप्प्या आहेत.

आणि नियम असा की साध्या माणसानं, मासेवाल्लीनं, सुती वस्त्र नेसायचं नाही. खरबरीत धाग्याचं नेसायचं, तेही गुडघ्याखाली येता कामा नये. पाय जखमी असतील तर सूट. दुरान या पाद्र्यानं हे कायदे टिपून ठेवलेत. कापूस पिकवायचा, कातायचा, विणायचा, आणि अंगावर घ्यायचा नाही. हे ऐकून इथं बसलेल्यांपैकी कुणाला नवल वाटेल असं वाटत नाही.

जो दबला नाही त्याचं काय? त्लाश्काला हा शेजारचा मुलूख अझ्टेकांना जिंकता आला नाही. म्हणून त्याला घेरलं. मीठ नाही, कापूस नाही, कोको नाही, कितीतरी दशकं. कोर्तेस १५१९ मध्ये आला तेव्हा तिथले लोक त्याला म्हणाले, आमच्याकडे मीठ नाही आणि आणायला बाहेरही जाता येत नाही. आधी ते त्याच्याशी लढले, मग त्याच्या बाजूला गेले. तेनोचतित्लान १३ ऑगस्ट १५२१ ला पडलं ते मूठभर स्पॅनिशांमुळे नाही. बाहेर हजारो त्लाश्कालावाले आणि इतर दुखावलेले लोक होते, आत देवीची साथ होती. इंकांचंही तेच. वांका, कान्यारी, चाचापोया, कुस्कोनं चिरडलेले लोक पिसारोला मिळाले. यांना गद्दार म्हणायची घाई मी करत नाही. त्यांनी केलेली निवड पुढे त्यांनाही महागात पडली, एवढं मात्र खरं.

उपासमारीबद्दल पोस्टवाल्यानं विचारलं होतं, म्हणून १४५४ सांगते. १४५० पासून मेक्सिकोच्या खोऱ्यात ओळीनं पिकं बुडाली, दहिवर, मग अवर्षण. पहिल्या मोक्तेझुमानं कोठारं उघडली, लोकांना शिजवून वाढलं. ‘एक ससा’ या नावाचं वर्ष उजाडलं तेव्हा कोठारं रिकामी झाली होती. मग राजानं लोकांना सांगितलं, जिकडे जगाल तिकडे जा. किनाऱ्याकडे तोतोनाक लोकांकडे मका पिकला होता. आईबापांनी पोरं विकली. दुरान लिहितो की राजानं भाव ठरवून दिला: मुलगी चारशे कणसांखाली विकायची नाही, मुलगा पाचशे कणसांखाली. राज्यानं यात काय केलं, तर किमान दर बांधला. पुढच्या वर्षांत पाऊस आला, आणि अझ्टेक फौजा त्या किनाऱ्याकडे वळल्या.

शिक्षणाचं दोन वाक्यांत, कारण तुम्ही सगळे घरातले पहिले पदवीधर. अझ्टेकांत सरदारांच्या मुलांना काल्मेकाक ही शाळा: पंचांग, चित्रलिपी, वक्तृत्व, राज्यकारभार. साध्या मुलांना तेल्पोचकाली: लढाई आणि अंगमेहनत. शाळा सगळ्यांना होती, पण पोथी वाचायला मुख्यतः वरच्यांनाच शिकवत. इंकांबद्दल गार्सिलासो एका राजाचं मत नोंदवतो, आणि कौतुकानं नोंदवतो, की रयतेच्या पोरांना विद्या देऊ नये, ती चढेल होतात. ज्याला आईबापाच्या मायेचे राजे दिसले, त्याच्याच पुस्तकात हे आहे.

आता खिपूचं राहिलेलं. १५३३ मध्ये पिसारोची माणसं हाउहाला आली. तिथल्या वांका कुराकांनी कोठारं उघडून त्यांना मका, लामा, कापड, ओझ्याला माणसं दिली. आणि दिलेल्या प्रत्येक गोष्टीची गाठ मारली. स्पॅनिशांनी लुटून नेलं त्याचीही वेगळी गाठ मारली. अठ्ठावीस वर्षांनी, १५६१ मध्ये, हे कुराका लिमाच्या स्पॅनिश न्यायालयात उभे राहिले, दोरीवरून ओळीनं वाचून दाखवलं आणि कारकुनानं ते कागदावर उतरवलं. किती मका, किती लामा, किती चटया, किती माणसं ओझ्याला गेली आणि किती परत आली नाहीत. न्यायालयानं दोरी पुरावा म्हणून ऐकून घेतली. मुकादमानं आजीची सुतळी घेतली नव्हती.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं. नंतर थोडी शांत झाले तेव्हा दिसलं की दोरी कुराकाची होती. त्याला इनाम हवं होतं, आणि त्यांच्यातला एक जण स्पेनला जाऊन मानाचं कुलचिन्ह घेऊनही आला. जो ओझं घेऊन गेला आणि परत आला नाही, तो त्या दोरीवर एक गाठ आहे. त्याच्या घरच्यांना काय मिळालं याची गाठ कुठेच नाही. १५८३ मध्ये लिमाच्या धर्मपरिषदेनं खिपू जाळायला सांगितले.

आणि मिता? स्पॅनिशांनी ते नाव ठेवलं, आशय बदलला. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोनं पोतोसीच्या चांदीच्या खाणीसाठी मिता लावली. खाणीभोवतीच्या प्रांतांतून दर वर्षी सातातला एक पुरुष, मिळून तेरा हजारांवर. इंकांच्या पाळीत जेवण राज्याचं होतं. आता मजुरी इतकी तुटपुंजी की घरून चुन्यो नि लामा घेऊन जायचं आणि तेही संपलं की कर्ज काढायचं. शेजारधर्मातून आलेला शब्द, राजानं वापरलेला, आणि शेवटी खाणमालकाच्या हाती. ही खाणीची मिता १८१२ मध्ये कायद्यानं बंद झाली.

या सगळ्याची तक्रार करणारा एक माणूस होता, त्याच्याबद्दल सांगून थांबते. फेलिपे वामान पोमा, अँडीजचा रहिवासी, स्पॅनिश शिकलेला, काही काळ पाद्र्यांचा दुभाषा. जमिनीच्या दाव्यात हरला, गावातून हाकलला गेला. म्हातारपणी, १६१५ च्या सुमाराला, त्यानं स्पेनच्या राजाला पत्र लिहिलं. पत्र भरलं बाराशेच्या आसपास पानं, आणि त्यात जवळजवळ चारशे चित्रं. इंकांच्या काळात बारा महिने शेतात काय काम, कोठाराचा हिशेबनीस खिपू धरून राजापुढे कसा उभा राहतो, पाद्री विणकर बाईला कसा मारतो, अधिकारी हजेरीच्या नावाखाली काय करतात, सगळं काढलंय. राजानं ते वाचल्याचा पुरावा नाही. हस्तलिखित कोपनहेगनच्या राजग्रंथालयात पडून होतं, १९०८ मध्ये एका जर्मन अभ्यासकाच्या नजरेला पडलं.

आता त्या ग्रंथालयानं ते पानन्‌पान इंटरनेटवर फुकट ठेवलंय. मी लॅपटॉप आणलाय, चहा झाल्यावर इथंच लावते. स्पॅनिश नाही आली तरी चालेल, चित्रं बघा. कोठाराच्या हिशेबनिसाचं पान आधी उघडू.